‘नको’ आत आहे

“मग ते बटण दाबलं कोणी?”

मृण्मयी ताटकेने हे तिसऱ्यांदा विचारलं. कमरुद्दीनबाबा परातीतल्या पिठात पाणी ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाबांचा तकिया, म्हणजे फकिराची राहायची जागा, गावाबाहेर, ओढ्याच्या काठी होता. फकिरी घेण्याआधी बाबा सव्वीस वर्षं सूतगिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. पाळी सुटली की शेकडो माणसं समोरून जायची आणि बाबा नुसतं तोंडाकडे बघून चोर बाजूला काढायचे, असं लोक अजून सांगत. मृण्मयी पुण्याहून आली ती एवढ्याचसाठी. तिला चोर हवा होता.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “मला फोनातलं काही कळत नाही.”

हे तरी खरं असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं. गेले पंधरा दिवस तिला कोणाचंच काही खरं वाटत नव्हतं.

तिने पर्समधून फोन काढला. मधोमध घडी होणारा. मिटला की साध्या फोनासारखा, उघडला की वहीएवढा. अशा फोनाच्या पडद्यावर काय कुठे दिसावं हे ठरवणं तिचं काम. कंपनीत त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती जाणून होती.

“एका दवाखान्यात नर्सना असे फोन दिलेत. पेशंटची परवानगी त्यावरच घेतात. तुमचे रिपोर्ट बाहेर पाठवले तर चालतील का, असं. चालत असेल तर ‘मान्य’ दाबायचं. नसेल तर ‘नको’.”

“बरं.”

“सुगंधा घोलप म्हणून बाई आहे. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिला टीबी निघाला. रिपोर्ट थेट वसतिगृहाच्या ऑफिसात गेला आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. बाई शोधत शोधत आमच्या कंपनीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, मला नको म्हणायचं होतं. आणि नोंदीत बघावं तर ‘मान्य’.”

“बाई खोटं बोलत असेल.”

“नाही.” मृण्मयी म्हणाली. “तिने भांडण केलं नाही, बाबा. नुसतं विचारलं… माझं ‘नको’ कुठे गेलं म्हणून.”

“म्हणजे दुसऱ्या कोणी दाबलं.”

“तेच तर म्हणतेय मी. नर्सवर माझा संशय आहे. त्यांना दिवसात साठ-सत्तर परवानग्या उरकायच्या असतात. नाहीतर मग आमच्या कंपनीतला पराग होनराव. नोंदी त्याच्या ताब्यात. हल्ली मी जवळ गेले की हा बोलता बोलता गप्प होतो…”

“आणि पडदा?”

“पडद्यात खोट नाही,” ती चटकन म्हणाली. “चाळीस माणसांकडून तपासून घेतलाय. बक्षीस मिळालंय त्याला.”

बाबा कणीक मळू लागले.

हा म्हातारा वेळ काढतोय, तिला वाटलं. चोर ओळखायच्या साऱ्या गप्पाच असतील. गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली, आता कोण शहानिशा करणार?

“त्या वेळी बाई काय करत होती?”

मृण्मयीला सगळं पाठ होतं. दवाखान्यात जाऊन तिने एकेक गोष्ट खोदून काढली होती.

“खाट नंबर अकरा. सकाळचे दहा वीस. झोपून होती. उजव्या हाताला सलाईन. नर्सने फोन डाव्या हातात दिला आणि ती शेजारी उभी राहिली.”

बाबांचा हात थांबला.

त्यांनी डावा हात कपड्याला पुसला आणि तिच्यापुढे धरला. उजवा परातीतच होता, मनगटापर्यंत कणकेने भरलेला.

“दे. ती बाई मी. तू नर्स.”

नर्स द्यायच्या तसाच, मिटलेला फोन तिने त्यांच्या हातावर ठेवला.

“मला नको म्हणायचंय,” बाबा म्हणाले.

“मग उघडा ना. बाहेरचा पडदा अरुंद असतो, एकच बटण नीट बसतं. ‘नको’ आत आहे. खाली बारीक बाण दिसतोय बघा, उघडा म्हणून.”

बाबांनी अंगठ्याचं नख फटीत घातलं. फोन हातातल्या हातात फिरला. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला, पुन्हा नख घातलं. निसटला.

मृण्मयीचा हात पुढे गेला.

“नर्स मदत करायची?”

“नाही… तिला पुढच्या खाटेवर जायचं असायचं.”

तिने हात मागे घेतला. बाबा पुन्हा झटले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.

“तू अजून उभीच आहेस का?”

तिने मान डोलावली.

बाबांनी अंगठा बटणावर टेकवला. फोन किणकिणला. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘आपले आभार’, आणि शेजारी एक हिरवं पान. ते पान निवडायला मृण्मयीने आख्खा आठवडा घालवला होता.



“तिनेच दाबलं,” मृण्मयी म्हणाली.

“हं.”

“बाहेर दुसरं काही नव्हतंच.”

बाबांनी कणकेचा गोळा केला आणि त्यावर ओलं फडकं झाकलं.

“परागने विचारलं होतं मला,” ती हळूच म्हणाली. “दोन्ही बटणं बाहेर ठेवू या का म्हणून. मी म्हटलं, गिचमिड दिसेल. पण माझ्या मनात वाईट काही नव्हतं, बाबा. शपथेवर सांगते. माझा हेतू तसा नव्हता.”

बाबांनी फोन तिच्या हातात परत दिला.

“चोराला हेतू असतो, बेटी,” ते म्हणाले. “म्हणून तो सापडतो.”