मिठाचा मान आणि आठ कढया

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या गावात चिमाबाई नावाची स्वयंपाकीण राहायची. तिच्या मंडळीत आणखी सात बायका, आणि एक भलीमोठी जादूची कढई. जादू कसली ते कळेलच, चुळबुळ करू नका.

लग्न कुणाचंही असो, आमटी चिमाबाईच्या मंडळीची. कांदे कुणीही चिरावेत, जाळ कुणीही घालावा, पण मीठ घालायचा मान एकट्या चिमाबाईचा. ती पदर खोचायची, मूठ उंच धरायची आणि अशा ऐटीत मीठ सोडायची, जशी काही राणीच.

मग एक दिवस तिची धाकटी जाऊ तानूबाई रुसली. म्हणाली, कांदे चिरून माझे डोळे गेले, मी मीठ कधी घालायचं? तिनं कढईचा एक कान धरला, चिमाबाईनं दुसरा. ओढाओढ झाली आणि टण्ण! कढई दुभंगली. आणि बरं का, दोन्ही तुकडे फुगले, फुगले, नि झाल्या दोन अख्ख्या कढया. चौघी इकडे, चौघी तिकडे. आता एकाच मुहूर्तावर दोन गावची लग्नं व्हायला लागली. सगळे खूश.

मग पुन्हा मिठावरून भांडण. टण्ण! चार कढया. पुन्हा भांडण. टण्ण! आठ. आठ बायकांच्या आठ मंडळ्या. एकीचं नाव अस्सल, दुसरीचं मूळ अस्सल, तिसरीचं त्याहून अस्सल.

आता चिमाबाईच कांदे चिरायची, चिमाबाईच जाळ घालायची. मीठही तीच घालायची, पण मूठ उंच धरली तरी बघायला कोण? मांजर. तिला फार एकटं वाटायचं.

अशात राजाच्या मुलीचं लग्न निघालं. राजानं फर्मावलं, सगळ्या वऱ्हाडाला एकाच कढईतली, एकाच चवीची आमटी हवी. जमलं नाही तर आठही कढया वितळवून त्यांची घंटा करीन.

मग चिमाबाई तानूबाईच्या दारी गेली.

"तानू, कढई जड झालीय गं. एकटीला उचलत नाही."

"मलाही कुठे उचलतेय, जाऊबाई," तानूबाई म्हणाली, आणि चूल विझवून निघाली.

दोघींनी उरलेल्या सहाजणींना गोळा केलं. आठ कढया एका जाळावर चिकटवून ठेवल्या. तापल्या तशा त्या एकमेकींत शिरल्या नि हौदाएवढी एकच कढई झाली. आमटीला उकळी आली. पण आठही जणींना सवय लागलेली ना! आठही जणींनी गुपचूप आपापली मूठ सोडली.

राजाच्या प्रधानानं चव घेतली. एक घागर पाणी प्यायला. मग घोड्याच्या हौदातलं प्यायला.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. चिमाबाई म्हणाली, "मीठ मीही घातलं. तानू, धर कान आणि ओढ."

टण्ण! टण्ण! टण्ण! हौदाएवढ्या आठ कढया झाल्या, प्रत्येकीत थोडी थोडी खारट आमटी. आठहीजणींनी आपापल्या कढईत अळणी डाळ ओतली, पाणी ओतलं, उकळी काढली. मग पुन्हा सगळ्या कढया चिकटवून त्यांची एक केली. आमटी अशी झाली की वऱ्हाड तीन दिवस हललंच नाही.

तेव्हापासून काम पडलं की त्या कढई तोडायच्या, काम पडलं की जोडायच्या. मीठ पाळीपाळीनं घालायच्या. पण आधी ओरडून विचारायच्या, "मीठ कुणी घातलं का गं?" तुमची आई रोज ओट्यापाशी विचारते ना, तस्संच.

तर त्या आठजणी सुखानं जेवल्या आणि झोपल्या. तुम्हीही जेवलात. आता एका पांघरुणाची ओढाओढ पुरे. ते फाटलं तर दोन होणार नाहीत.