ससुलीचा भोपळा

फार पूर्वी माळावरचे ससे शरदात सोंगांचा सण करत. सगळे मोरपिसं खोचून नटत. ससुली मात्र डोळ्यांना भोकं पाडलेला वाळका भोपळा डोक्यावर घाली.

"आत्या, हे कसलं ध्यान?" पोरं खिदळली.

"माझ्या पणजीनं हाच घालून लांडग्याला पळवलं. त्या आनंदात पुढच्या वर्षी सगळ्यांनी भोपळे घातले. तोच हा सण!" ससुली ताठ मानेनं म्हणाली.

तेवढ्यात झुडपातून लांडगा आला. पिसं बघून त्यानं जिभल्या चाटल्या. ससुली पुढं झाली आणि ओरडली. पोकळ भोपळ्यात तिचा आवाज असा घुमला, की लांडगा शेपूट घालून पळाला.

"आत्या, मलाही भोपळा हवा," एक पिल्लू हळूच म्हणालं.

"देते की. पण तुझं एक पीस दे. माझ्या भोपळ्यावर शोभेल."