शिंग वाजले तेव्हा

एकदा एक अधिकारी एकटाच एका सीमेवरच्या दरीत येऊन राहिला. युरोपातल्या एका मोठ्या साम्राज्याने त्याला धाडले होते. त्याच्याजवळ ना तलवार होती, ना शिपाई. दरीतल्या मेंढपाळांनी तीन पिढ्या फौजा परतवल्या होत्या. या एकट्या माणसाला पाहून त्यांना हसू आले.

त्याने वाहून गेलेला पूल बांधून दिला. साथ आली तेव्हा वैद्य आणवला. कुरणांच्या हद्दीवरून भाऊ भावाच्या जिवावर उठत, तिथे दगड रोवून भांडणे मिटवली. बदल्यात त्याचे मागणे एवढेच होते, की काही करण्याआधी मला विचारत जा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

बारा वर्षे गेली. मिर्को नावाचा तरुण गावच्या वृद्ध पंचाकडे दरीचा जुना, तोंडी चालत आलेला कायदा शिकत होता. एका धुकट सकाळी मिर्को गवत कापत असताना टेकडीवरून वृद्धाने रणशिंग फुंकले. ते ऐकताच मिळेल ते हत्यार घेऊन खिंडीकडे धावायचे, हा त्या कायद्याचा पहिला नियम.

मिर्को विळा घेऊन निघाला. धुक्यातून माणसे येत होती. पण कोणी धावत नव्हते, कोणी बोलत नव्हते. सारी अधिकाऱ्याच्या दारापुढे एकामागे एक उभी राहत होती. अधिकारी कालच राजधानीस गेला होता. दाराला कुलूप होते, तरी रांग वाढत होती. वर शिंग वाजतच होते आणि एकही मान वळत नव्हती.

शिंग थांबले. वृद्ध हळूहळू खाली उतरून मिर्कोपाशी आला.

“बाबा, शत्रू कुठवर आलाय?” मिर्कोने विचारले.

“खिंडीत कोणी नाही. दरी अजून आपली आहे का, तेवढे पाहायचे होते.”

त्या माणसाने आपले भलेच केले, असे मिर्को चाचरत म्हणाला.

“केले. मीही त्याच पुलावरून जातो. पण दर सोयीमागे आपण एकेक निर्णय त्याच्या दारात ठेवून आलो. किल्ला पडतो तेव्हा आवाज होतो, बाळा. सवय पडते तेव्हा होत नाही.”

“मग ही माणसे आता इथे कशासाठी थांबलीत?”

“तू कशासाठी थांबला आहेस?”

मिर्कोने पाहिले. त्याच्यापुढे चाळीस माणसे होती आणि मागे कोणीतरी नुकतेच येऊन उभे राहिले होते. त्याला रांगेतून बाहेर पडायचे होते. पण त्यासाठी कोणाला विचारावे, हेच त्याला उमगेना.