मडकं तेच, चिठ्ठी दुसरी

सारजाबाईच्या ज्वारीत रानडुकरं रोज धुडगूस घालायची, पण परवान्याशिवाय त्यांना दगड मारायचीही बंदी. संस्थानाच्या शिकारखात्याचे प्रमुख नरसोपंत दरवर्षी चावडीवर गावातल्या चाळीस जणांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायचे, एक काढायचे, आणि परवाना नेमका त्यांच्या मेहुण्याला मिळायचा. तो जंगलात फिरकायचाही नाही. परवाना भिंतीवर टांगून मिशीला पीळ भरायचा.

यंदा पाचव्यांदा त्याचंच नाव निघालं, तेव्हा बाईचं डोकं सणकलं.

"पंत, दर वर्षी हेच?"

"देवाची मर्जी, बाई! मडक्यात सगळ्यांची नावं आहेत."

"मग डुकरांचाही निवाडा देवालाच करू द्या. याच मडक्यातून मी अजून एक चिठ्ठी काढते. ज्याचं नाव निघेल, त्याच्या शेतात आम्ही सगळी डुकरं हाकलणार!"

"काढा, काढा!" अख्खी चावडी ओरडली.

सारजाबाईनं मडक्यात हात घातला मात्र, मेहुणा किंचाळला, "दाजी, अडवा तिला! माझा ऊस जाईल!"

बाईनं हात तसाच रिकामा बाहेर काढला.

"अहो, चिठ्ठी अजून निघायचीय. मडक्यात गावभराची नावं, आणि कापरं भरलं ते तुम्हा एकट्यालाच?"