दोन तीरांवरचे भाऊ

फार पूर्वी पुष्करनगरात ऋतंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने मीठ विकत गावोगाव हिंडणाऱ्या एका वाटसरूच्या पोटी जन्म घेतला. त्या कुटुंबाला घर असे नव्हते. आई, बाप, तो आणि त्याचा तान्हा भाऊ असे चौघे बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून चालत राहत आणि सांज होई तिथे चूल मांडत. पुष्करनगराच्या वेशीपाशी ते पोचले तेव्हा त्या मुलखात तापाची साथ होती. आधी बाप गेला, मग आई गेली. बोधिसत्त्व तेव्हा इतका लहान होता की बैलाच्या वशिंडापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. भावाला मांडीवर घेऊन तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला, कारण आता कुठे जायचे ते सांगणारे कोणी उरले नव्हते.

पुष्करनगराच्या मधून नीलोदका नदी वाहत होती. तिच्या पूर्वतीरावर अग्निव्रती लोक राहत. त्यांच्या अग्निशाळेतली ज्वाळा कधी विझू दिली जात नसे. मेलेला प्रत्येक माणूस त्या ज्वाळेत जाऊन राहतो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि रोज सकाळी तिथली राख ते कपाळाला लावत. पश्चिमतीरावर वृक्षव्रती राहत. ते आपल्या मृतांना पुरत, त्या जागी रोप लावत, आणि रोपाचे झाड झाले की त्याला त्या माणसाच्याच नावाने हाक मारत. उभ्या झाडाला ते कुऱ्हाड लावत नसत. कानामागे खोचलेले हिरवे पान ही त्यांची खूण होती.

अग्निशाळेचा प्रमुख अग्निल त्या रस्त्याने जात होता. त्याने दोन्ही मुले पाहिली आणि त्याला पुढे जाववेना. त्याला मूलबाळ नव्हते. थोरल्याला त्याने हाताला धरून घरी नेले आणि भाकरी दिली. धाकट्याला मात्र दूध हवे होते, आणि त्या साथीत पूर्वतीरावर पाजणारी बाई मिळेना. पलीकडे मालिनी नावाच्या एका वृक्षव्रती बाईचे मूल नुकतेच गेले होते. अग्निलने तान्ह्याला नेऊन तिच्या ओटीत घातले. त्या काळी दोन्ही तीरांमध्ये निदान एवढे येणेजाणे होते. अग्निलच्या घरी थोरल्याचे नाव सुतेज ठेवले गेले, मालिनीच्या घरी धाकट्याचे पर्णक.

बोधिसत्त्व अग्निशाळेत वाढला. समिधा कशा रचाव्यात, फुंकर किती घालावी, कोणत्या वेळी कोणती प्रार्थना म्हणावी, हे सारे तो शिकला. पान खोचणाऱ्यांची बुद्धी लाकडासारखीच जड असते, हेही तो शिकला. हे कोणी त्याला समोर बसवून शिकवले नव्हते. जेवताना, अंगणात बसल्यावर, सहज बोलण्याच्या ओघात ते कानावर पडत असे. राख लावणाऱ्यांच्या काळजात ओल उरत नाही, असे पलीकडच्या अंगणांतून पर्णकाच्याही कानावर पडत होते. नदीवरचे येणेजाणे हळूहळू थांबले. होड्या काठावर उलट्या पडून राहू लागल्या.

पण बोधिसत्त्वाला भावाचे ओझे आठवत होते. मांडीवरचे ते लहानसे, गरम ओझे. संध्याकाळी तो घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसे आणि पलीकडे पाही. प्रथम त्याला मालिनीच्या कडेवर एक मूल दिसे. मग ते मूल तिचा पदर धरून चालताना दिसू लागले, मग एकटेच पाण्यात उड्या मारताना. मालिनी त्याचे डोके पुसत असे. तेवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नसे, तरी ती डोके कसे पुसते हे पाहून बोधिसत्त्वाला ती बाई आवडू लागली होती. एकदा त्याने हात उंचावला. पलीकडच्या मुलाने वाकून दगड उचलला आणि त्याच्या दिशेने फेकला. दगड मध्येच पाण्यात पडला. त्यानंतर बोधिसत्त्वाने हात उंचावला नाही, पण पायरीवर बसणे सोडले नाही.

तो तरुण झाल्यावर नगराच्या जत्रेत एकदा दोघे समोरासमोर आले. पर्णक उंच झाला होता. मडक्यांच्या ढिगापाशी तो इतका जवळ उभा होता की बोधिसत्त्वाच्या खांद्याला त्याचा खांदा लागला. बोधिसत्त्व काही बोलणार होता. तेवढ्यात पर्णकाने वळून त्याच्या कपाळावरची राख पाहिली, आणि अंग चोरून तो गर्दीत निघून गेला. त्या रात्री बोधिसत्त्वाला अन्न गेले नाही. अग्निलने कारण विचारले तेव्हा त्याने ते लपवले नाही.

अग्निल आता थकला होता. त्याने बोधिसत्त्वाचा हात हातात घेतला आणि सांगितले की लोक तुला माझ्या दूरच्या चुलतभावाचा मुलगा समजतात, ते तसेच राहू दे. अग्निव्रती कुळात जन्मलेल्यालाच प्रमुख होता येते, आणि माझ्यामागे ही ज्वाळा तुझ्याइतकी जपणारे दुसरे कोणी मला दिसत नाही. ज्याने भाकरी दिली त्याचे मन बोधिसत्त्वाला मोडवले नाही. अग्निल गेला, आणि बोधिसत्त्व प्रमुख झाला.

पुढे एका वर्षी पाऊस पडलाच नाही. नीलोदका गुडघ्याएवढी उरली. पूर्वतीरावरची राने आधीच विरळ झाली होती, आणि अग्निशाळेत लाकूड पुरेना. तेव्हा कृशानु नावाच्या वडीलधाऱ्याने माणसे घेतली, उथळ पात्रातून पलीकडे जाऊन अर्जुनाचे एक मोठे झाड तोडले आणि ओढत आणले. ज्वाळा वाचली म्हणून सर्वांना हायसे वाटले. त्या लाकडाचा पहिला ओंडका बोधिसत्त्वाने स्वतःच्या हाताने अग्नीत ठेवला. तो ओला होता. बराच वेळ त्यातून पाणी झिरपत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक माणूस नदी ओलांडून आला, भरलेला घडा घेऊन सरळ अग्निशाळेत शिरला, आणि कोणाला काही कळायच्या आत त्याने तो घडा ज्वाळेवर ओतला. मग तो पळाला नाही. भिजलेल्या राखेशेजारी मांडी घालून बसला. लोकांनी त्याला मारत मारत राजवाड्यात नेले. तो पर्णक होता.

राजाने सभा बोलावली. अग्निशाळेचा अग्नी विझवणाऱ्याच्या गळ्यात दगड बांधून त्याला डोहात सोडावे, अशी जुनी रीत होती. पण तशी मागणी प्रमुखाने करायची असे. सभा भरण्यापूर्वी कृशानु बोधिसत्त्वाजवळ आला. त्याने समजावले की मागणी करण्यात अडचण काहीच नाही, राजा संतापलेला आहे, आणि शिक्षा होताच पश्चिमतीरावरचे सारे रान तो अग्निशाळेला देऊन टाकणार आहे. मग लाकडाची चिंता कायमची मिटेल, आणि तुमचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाईल.

बोधिसत्त्वाने ऐकून घेतले. सभेत तो आसनावर बसला तेव्हा समोर हात बांधलेला पर्णक उभा होता. इतक्या वर्षांत प्रथमच तो त्याला इतक्या जवळून, मनसोक्त पाहत होता. त्याच्या ओठातून रक्त येत होते.

बोधिसत्त्वाने विचारले, "तू असं का केलंस?"

पर्णक म्हणाला, "तुम्ही माझी आई तोडलीत."

सभेत कोणी हसले. मग वृक्षव्रतींतला एक म्हातारा पुढे आला आणि त्याने सांगितले की मालिनी अनेक वर्षांपूर्वी वारली, तो अर्जुन तिच्यावर लावलेला होता, आणि हा मुलगा रोज त्याच्या बुंध्याशी बसून दिवसभराचे सारे तिला सांगत असे. पूर्वतीरावरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना ते केवळ लाकूड वाटले होते. बोधिसत्त्वाने आपल्या हातांकडे पाहिले. लांबून पाहिलेली ती बाई, भावाचे डोके पुसणारी, ती त्याने स्वतःच आगीत ठेवली होती.

तो आसनावरून उठला आणि राजापुढे उभा राहिला.

"महाराज, शिक्षा मागण्याआधी मी कोण ते ऐकावं. माझा जन्म अग्निव्रतींत झालेला नाही. मी एका मीठवाल्याचा मुलगा. हा माझा सख्खा भाऊ आहे. आमचे आईबाप वेशीबाहेर तापाने गेले. मला भाकरी खाता येत होती म्हणून मी या तीरावर आलो. याला दूध लागत होतं म्हणून हा त्या तीरावर गेला. त्या दिवशी मी तान्हा असतो आणि हा थोरला असता, तर आज मी इथे बांधलेला असतो आणि हा त्या आसनावर बसलेला असता. यानं माझ्याइतक्याच मनापासून राख लावली असती. मीही याच्याइतक्याच मनापासून तो घडा ओतला असता. मी शिक्षा कोणासाठी मागू?"

मग तो आपल्या लोकांकडे वळला. त्याने आठवण करून दिली की त्यांच्या प्रत्येक घरातली चूल लग्नाच्या दिवशी अग्निशाळेतल्याच अग्नीवरून पेटवलेली आहे. तेव्हा तो अग्नी विझलेला नाही, कोणाच्याही घरून निखारा आणला तरी तो तोच असेल. एक म्हातारी मुकाट्याने उठून घरी गेली आणि खापरीत निखारा घेऊन आली.

राजाने पर्णकाला सोडले, आणि पलीकडचे रान होते तसेच राहील असे सांगितले. पण अग्निव्रतींना आता प्रमुखाकडे पाहवेना. कृशानु कठोर माणूस नव्हता, तरी तोही म्हणाला की परक्याच्या हातून इतकी वर्षे आमच्या पितरांना आहुती गेली, हे आम्ही कसे सोसावे? बोधिसत्त्वाने वाद घातला नाही. अग्निलच्या नावाने नमस्कार करून त्याने प्रमुखाची वस्त्रे उतरवून ठेवली आणि कपाळावरची राख पुसली.

बाहेर पर्णक उभा होता. बोधिसत्त्व त्याच्याजवळ गेला.

पर्णक म्हणाला, "माझी आई त्या झाडात होती. दुसरी कोणी होती हे मला माहीत नाही. आणि तुमच्या कपाळावर राख असो वा नसो, तिला आगीत घालणारा माणूस माझा भाऊ होऊ शकत नाही."

तो नदी उतरून गेला, आणि बोधिसत्त्व त्याला दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला.

नदीच्या मध्यात खडकांचे एक बेट होते. बोधिसत्त्व तिथे झोपडी बांधून राहू लागला. येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंना तो पाणी देई, आजाऱ्याला ठेवून घेई. तुम्ही कोणत्या तीराचे, असे लोक विचारत. तो म्हणे की मी वाटेवरच्या लोकांचा. ध्यानाला बसला की तो मनातल्या मायेने आधी पूर्वतीर भरून टाकी, मग पश्चिमतीर, आणि शेवटी एका माणसापाशी येऊन थांबे. पाऊस परत आला, नदी भरली. तोडलेल्या अर्जुनाच्या खोडाला धुमारे फुटल्याचे कोणी येऊन सांगितले. उलट्या पडलेल्या होड्यांतल्या काही पुन्हा पाण्यात उतरल्या. बोधिसत्त्वाचे केस पिकले. पर्णक आला नाही.

मग एका सकाळी तो आला. त्याच्याही केसांत आता पांढरे होते. झोपडीच्या दाराशी उभा राहून त्याने सांगितले की लेकीला मुलगी झाली आहे. तिला मांडीवर घेतले तेव्हा मनात एक गोष्ट आली, आणि ती विचारायला दुसरे माणूस जगात नाही. बोधिसत्त्वाने त्याला बसायला चटई दिली.

पाण्याकडे पाहत पर्णक म्हणाला, "आपली आई कशी होती?"

'आपली' हा शब्द ऐकून बोधिसत्त्व त्याच्या जवळ सरकून बसला.

"मी लहान होतो," तो म्हणाला. "चेहरा आता नीट आठवत नाही."

"ती कोणाला भजायची? दिवा लावायची, की झाडाला पाणी घालायची?"

"मी पुष्कळ आठवून पाहिलं. तेवढंच आठवत नाही. दिवसभर चालून आम्ही थांबायचो, ती गोण्या उतरवायची आणि आधी मला जवळ घेऊन विचारायची, पाय दुखले का रे? मग तुझ्या तळव्यांना हात लावून पाहायची, गार पडलेत का म्हणून. तू तर चाललेलाही नसायचास."

पर्णकाने मान खाली घातली. मग कोणी सांगितल्यावाचून त्याने आपले पाय जवळ ओढून घेतले, आणि आपलेच तळवे तो दोन्ही हातांत धरून बसला.

"दादा," तो म्हणाला, "आणखी सांग."

ही कथा शास्त्याने, भिक्षूंच्या गुरूने, विहारात सांगितली ती दोन भिक्षूंमुळे. नंदिल यज्ञ करणाऱ्या घरातून आलेला होता आणि सोणक यक्षाला पुजणाऱ्या घरातून. दोघांनी भिक्षूचे सारखेच वस्त्र, चीवर, घेतले होते, तरी भिक्षेला जाताना ते एकमेकांची सावली टाळत. कथा संपवून शास्ता म्हणाला, "त्या वेळचा कृशानु म्हणजे आजचा नंदिल, आणि पर्णक म्हणजे हा सोणक. निखारा घेऊन येणारी म्हातारी आज रोज सकाळी तुमच्या पात्रांत भात वाढते. बेटावर राहणारा सुतेज मीच होतो. त्या जन्मी मी जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा सद्गुण, जोपासली ती मैत्री. ज्याने आपल्याला अजून ओळखलेले नाही, त्याच्यासाठी बसायला जागा मोकळी ठेवणे, तिला मी मैत्री म्हणतो."