दाजींचा मोठा आकडा

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, जाखाईची शपथ. आता गावाचं नाव नक्की आठवत नाही आणि सांगणारा त्या दिवशी तिथे नव्हता, पण तेवढ्याने गोष्ट खोटी होत नाही.

एका डोंगराच्या पायथ्याला टेंभवाडी की अशाच काहीशा नावाचं गाव होतं. वर खिंडीत जाखाईचं देऊळ आणि मध्ये सत्तावीस वळणांचा घाट. जत्रेच्या दिवशी देवीच्या नैवेद्याचं दही दाजी मुळीकांच्या घरातून जायचं, तेही सायकलवरून. वडिलांपासूनचा मान होता. बाराच्या आरतीआधी दही पोचलं तर मान घरात. चुकलं तर तो गावातल्याच लिंबाजीच्या घरी, कायमचा.

दाजींना अठ्ठावन्नावं लागलं आणि गुडघे बोलू लागले. त्यांनी विजेवरची सायकल घेतली. देवळातला गुरव म्हणाला, "मोटर चालेल, पण पायडल तुमचं हवं. पाय किती, मोटर किती, आम्हाला कसं कळणार?"

म्हणून दाजी तालुक्याला रेश्माताईच्या दुकानात ताकद मोजणारा मीटर घ्यायला गेले. तिने दोन मीटर काढले. एक काडेपेटीएवढा. त्यात पायांची ताकद वेगळी, मोटरची वेगळी आणि कोपऱ्यात बॅटरी किती उरली ते. दुसरा ताटलीएवढा. त्यात दोन्हींची बेरीज करून एकच लालभडक आकडा.

दाजींनी लहान मीटर लावून दुकानासमोर चक्कर मारली. मोटर अडीचशे वॅट, पाय सत्तर.

"सत्तर? एवढ्यात मिक्सरसुद्धा फिरत नाही."

मोठा लावला. तीनशे वीस. दाजींची छाती फुगली.

"लहान घ्या, दाजी," रेश्माताई म्हणाली.

"का? मोठा खोटं बोलतो?"

"खोटं नाही बोलत. कोणाचं किती, ते सांगत नाही. आणि बॅटरी कधी संपेल तेही नाही."

दाजींनी मोठाच घेतला. गावात आकडा बघायला रांग लागली. "ही सगळी तुमच्या पायांची ताकद?" असं कोणी विचारलं की दाजी नुसते मिशीवरून हात फिरवायचे. त्यांची बायको सगुणाबाई दह्याचं मडकं बांधताना एवढंच म्हणाली, "अहो, वर दही न्यायचंय की आकडा?"

जत्रेचा दिवस उजाडला. वळणावळणावर माणसं, ढोल, गुलाल. दाजी निघाले. पहिल्या वळणाला साडेतीनशे. लोक ओरडले, "चारशे करा, दाजी!" दाजींनी बटण दाबून मोटरचा जोर वाढवला. चारशे. पुढच्या वळणाला साडेचारशे. ढोल दणाणले, शिट्ट्या वाजल्या, फेटे उडाले. दहाव्या वळणाला पाचशे. दाजींना डोंगर दिसेना, देऊळ दिसेना. दिसत होता फक्त लाल आकडा, आणि तो वाढत होता.

एकोणिसाव्या वळणावर मोटर गप्प झाली. बॅटरी संपली. मीटरला मात्र स्वतःचा वेगळा सेल होता. त्याने सगळ्यांसमोर आकडा दाखवला: साठ.

ढोल थांबला. सायकल धोंड्यासारखी जड झाली. बाराला वीस मिनिटं होती आणि आठ वळणं उरली होती. वळणावर उभा असलेला लिंबाजी पुढे आला. त्याने आधी मीटर पाहिला, मग दाजींचा चेहरा.

"मीटर बिघडला वाटतं, दाजी."

हो म्हटलं असतं तर सुटले असते. दाजींनी मडक्याला हात लावला. दही गार होतं, घट्ट होतं.

"मीटर ठीक आहे, लिंबा. साठ हाच माझा आकडा. बाकी सगळी मोटर होती, आणि मी मिशीवरून हात फिरवत होतो."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. लिंबाजी हसला नाही. त्याने सायकलच्या मागे हात टेकले.

"लिंबा, मी चुकलो तर मान तुझ्या घरी येतो."

"माहीत आहे. उतरू नका. पायडल तुमचं हवं, एवढंच गुरव म्हणाला. मागून ढकलू नये, असं तो कुठे म्हणाला? मारा पाय."

दाजींनी पाय मारला. साठ. पासष्ट. गुडघे कुरकुरले. लिंबाजी धापा टाकत राहिला, सगुणाबाई पदर खोचून गर्दीतून धावत आली, ढोलवाल्यांनीही खांदा लावला. सगळी वरात हो-हो करत खिंडीत शिरली, तेव्हा गुरवाचा हात आरतीच्या घंटेच्या दोरीवर होता.

"पायडल कोणाचं?" गुरवाने विचारलं.

"माझं. साठ-पासष्टचं. बाकी ह्यांचं."

गुरवाने मडकं देवीपुढे ठेवलं, मान दाजींच्याच घरी राहील असं सांगितलं आणि घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी दाजी मीटर बदलायला गेले. लहान मीटर लावून त्यांनी चक्कर मारली.

"किती?" रेश्माताईने विचारलं.

"सत्तर. चटणीपुरता मिक्सर फिरेल."

आता कबुली. दही खरं, लिंबाजी खरा, साठचा आकडाही खरा. घाटाला वळणं मात्र सत्तावीस नाहीत, नऊच आहेत. मोठा आकडा सांगितला की लोक कान देतात, म्हणून वाढवली.

तात्पर्य: आपली ताकद किती आणि उसनी किती, हे वेगळं दाखवणारं मापच जवळ ठेवावं, कारण आपला खरा आकडा उघड सांगणाऱ्याच्याच पाठीला माणसं हात लावतात.