पेल्यातलं उष्टं

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. ब्रशांनी मला तशी शपथ घातली आहे. तरी सांगते.

बरीच वर्षं झाली याला. एका घरात बेसिनवरच्या पेल्यात चार ब्रश राहायचे. डोक्याला डोकं लावून गप्पा मारायचे. एकदा काकांना सर्दी-ताप आला, आणि त्यांचा जाडा निळा ब्रश ओलाचिंब होऊन नेहमीसारखा सगळ्यांवर रेलला.

"निळूदादा, जरा लांब उभे राहा ना," छोटा पिवळा ब्रश म्हणाला. तो त्या घरातल्या मुलीचा, रेवाचा होता. शनिवारी रेवा शाळेत गाणार होती. घसा बसला की गाणंही बसलं.

"आली बघा सोवळ्यातली स्वारी!" निळा हसला. "अरे, आपण एका घरातले. आपल्यात कसला परकेपणा?"

"मग काल रेवानं काकांचा अर्धा लाडू उचलला, तेव्हा घरातले सगळे का ओरडले?"

"उष्टा होता म्हणून!"

"आणि काकांच्या तोंडातून आत्ता कोण आलं?"

निळ्यानं स्वतःच्या ओल्या केसांकडे पाहिलं. "अरे देवा, मीच उष्टा की!" म्हणत तो कडेला सरकला. मग चौघे चार दिशांना तोंडं करून वाळत उभे राहिले.

शनिवारी रेवाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचला. टाळ्या थांबेनात. घरी पेल्यात तर असा जल्लोष झाला, की पेला बेसिनवर वाजत राहिला.

हे मला कसं ठाऊक? तर ती रेवा म्हणजे—

"रेवाऽ, बेसिनपाशी एकटीच कुणाशी बोलतेस? बाजूला हो, मला दात घासायचेत!"